पिवळी चौकट

१

आमच्या पॅकहाऊसचा दिवस सकाळी साडेसातला सुरू होतो. पॉलीहाऊसमधून गुलाबांच्या बादल्या येतात, बायका हातमोजे चढवतात आणि सहा टेबलांवर दांड्या मोजायला लागतात. चाळीस सेंटिमीटर, पन्नास, साठ. वीस फुलांचा एक बंच, वर पुठ्ठा, खाली रबर. मी, यशोधरा भालेराव, इथली क्वालिटी सुपरवायझर. वाकडी दांडी, चिरलेली पाकळी, पानावरचा डाग, हे हुडकून काढायचा मला पगार मिळतो. खरं सांगायचं तर मला त्याची हौसही आहे. घरचे याच कारणाने मला जरा टरकून असतात.

कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या जीपने आम्ही येतो. माझ्या शेजारी कोमल बसायची. आमची दारं समोरासमोर. तिची आई आक्काबाई दीड वर्षापूर्वी वारली, तेव्हा मीच मालकांकडे शब्द टाकून कोमलला चार नंबरच्या टेबलावर लावलं. बावीस वर्षांची पोर, हात सफाईदार, बोलणं कमी. घरी मला मावशी म्हणायची, कामावर मॅडम. सकाळी जीपमधून उतरली की मॅडम, संध्याकाळी जीपमध्ये चढली की मावशी. यात ती कधी चुकायची नाही आणि मला त्याची गंमत वाटायची.

आक्काबाई गेली त्या दुपारी कोमलचा फोन बंद होता. छातीत कळ आल्यावर आईने तिला तीनदा फोन लावला होता. कोमल तेव्हा कुठे आणि कोणाबरोबर होती हे फक्त मला ठाऊक आहे, कारण एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून ती धरणाच्या बाजूने परत येत असताना मीच तिला फाट्यावर पाहिलं. नंतर तिने माझे हात धरले आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द मी तिला दिला. तो पाळला. मनात मात्र कधीकधी एक वाक्य यायचं: फोन चालू असता तर बाई वाचली असती. मनात काय येतं यावर आपला इलाज नसतो. ओठावर येऊ दिलं नाही म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते.

२

आमचे मॅनेजर महिपती पडवळ. अकरा वर्षं त्याच काचेच्या केबिनमध्ये. काचेवर अर्ध्या उंचीपर्यंत दुधी कागद चिकटवलेला, त्यामुळे हॉलमधून फक्त समोरच्याचे खांदे आणि डोकं दिसायचं. हॉलच्या दारावर एक बेल होती आणि तिचं बटण पडवळांच्या टेबलावर. जितक्या वेळा बेल, त्या नंबरच्या टेबलावरच्या बाईने केबिनमध्ये जायचं. माझ्यासाठी एकच, पण लांबलचक.

केबिनच्या फरशीवर पिवळ्या टेपची चौकट होती. कोल्ड स्टोअरमध्ये बादल्या कुठे ठेवायच्या हे दाखवायला आम्ही जी टेप लावतो, तीच. दीड फूट बाय दीड फूट. दोन्ही पाय तिच्या आत ठेवून उभं राहायचं. बोट बाहेर आलं तर पडवळ नुसते त्या बोटाकडे बघत राहायचे.

ते कधी ओरडले नाहीत. आवाज इतका खाली की काचेपलीकडे काही ऐकू यायचं नाही. काय चुकलं तेही सांगायचे नाहीत. ते आपणच शोधून सांगायचं. मी उभी राहिले की आधी दांड्यांचं माप आठवायची, मग उशीर, मग आणखी काही. पाचव्या-सहाव्या चुकीपाशी आपण कामाबाहेरच्या गोष्टींना हात घालतो. तिथून पुढे काय व्हायचं ते मी इथे लिहिणार नाही. हॉलमधल्या कुठल्याच बाईने दुसरीला ते कधी सांगितलं नाही. अकरा वाजता चहा व्हायचा आणि अकरा वीसला बेल, म्हणून चहा कुणाच्या अंगी लागायचा नाही.

एकदा अनिता नावाची बाई रडत बाहेर आली, तशीच एप्रन काढून गेली, ती परत आलीच नाही. मी धीर करून पडवळांना म्हटलं, "साहेब, एवढं बोलायला नको होतं."

पडवळांनी वर पाहिलं. चेहरा घामाने भिजलेला. "मी काही बोललो नाही, भालेराव," ते म्हणाले. "देवाशपथ सांगतो."

काय निर्लज्ज माणूस आहे, असं मला तेव्हा वाटलं.

३

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी पडवळ केबिनमध्येच पडले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा हॉलमध्ये सगळ्या बायका उभ्या होत्या आणि कुणीच एकमेकींकडे बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन नंबरच्या टेबलावरच्या नंदाबाईने पर्समधून शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा काढला. "काल सांजच्याला लोणावळ्याला गेलती, म्हनून आनली," म्हणाली. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही आणि सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. मला लाज वाटली, पण चिक्की गोड लागली.

ते दोन दिवस फार छान गेले. टेबलांवर बोलणं सुरू झालं. कोमल एकदा मोठ्याने हसली, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. केबिनचं दार उघडंच ठेवलं होतं, कारण डिस्पॅचची वही आत असायची. कुणीही जाऊन घेऊन यायचं.

शुक्रवारी अकरा वीसला बेल वाजली. दोनदा.

नंदाबाईने कात्री खाली ठेवली, एप्रनला हात पुसले आणि चालू लागली. मी म्हटलं, "अहो, कुठे निघालात? आत कोण आहे?" तिने माझ्याकडे पाहिलं ते मी खुळ्यासारखं काही विचारल्यासारखं. आत जाऊन ती उभी राहिली. दुधी कागदाच्या वर तिचे खांदे दिसत होते आणि खाली घातलेली मान. सात मिनिटांनी ती बाहेर आली आणि तिने कात्री उचलली. चेहऱ्यावर रंग नव्हता.

मी लगेच आत गेले. टेबल, वही, पडवळांची काळी खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा पांढरा नॅपकिन. फरशीवर चौकट. खोलीत कुणी नव्हतं, आणि कुणी असायचं कारणही नव्हतं.

४

आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. आजोबांनी छप्पन साली देव्हारा उतरवला, तेव्हाच भुतंही उतरवली. शिवाय मी बी.एस्सी. आहे. ओलीमुळे बटण चिकटलं असेल, वायर एकमेकींना लागली असेल, आणि अकरा वर्षांची सवय म्हणून बाई उठली असेल. एवढं पुरेसं होतं. फार्मचा वायरमन निवृत्ती, त्याला बोलावून मी बेलच काढायला लावली. त्याने बटण, वायर, बेल सगळं खोलून एका खोक्यात घातलं आणि खोकं माझ्या टेबलाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वीसला नंदाबाईने कात्री खाली ठेवली.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"बेल वाजली की."

"बेल माझ्या टेबलाखाली आहे, नंदाबाई. खोक्यात."

"आसंल," ती म्हणाली. "पर वाजली. इचारा सगळ्यास्नी."

मी विचारलं. सहाही टेबलांवरच्या बायकांनी माना हलवल्या. पाच नंबरची म्हणाली, "दोनदा वाजली मॅडम." कोमल म्हणाली, "हो, दोनदा." आणि मला? मी ऐकली नाही असं छातीठोकपणे सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात लक्षात आलं की ती नंदाबाईसाठी आहे हे मला तिने कात्री ठेवण्याआधीच माहीत होतं.

या वेळी मी तिच्या मागोमाग आत गेले आणि कपाटाला टेकून उभी राहिले. नंदाबाईने पाय चौकटीत नीट जुळवले. रिकाम्या खुर्चीकडे वर न बघता, खुर्चीच्या पायांकडे बघत ती म्हणाली, "चुकलं साहेब." मग थांबली. ऐकत असल्यासारखी थांबली. "व्हय साहेब. न्हाई साहेब. त्ये मी कुनाला सांगितलं न्हाई साहेब." खोलीत शेजारच्या कोल्ड स्टोअरच्या मशीनचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मी कान देऊन ऐकलं. त्या मशीनच्या आवाजाखाली काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "नंदाबाई, तिथे कुणी नाही हो. कशाला ऐकून घेता?"

"तुमाला ऐकू आलं न्हाई का?"

"नाही."

"बरं हाय मंग," ती म्हणाली. "ते माझ्यासाटीच हुतं."

५

त्यानंतर रोज कुणी ना कुणी जायचं. मी मालकांना मुंबईला फोन केला. काय सांगणार? बायका रिकाम्या केबिनमध्ये जाऊन उभ्या राहतात, असं म्हटलं. मालक हसले. "शिस्त लागलीय म्हणा की. काम होतंय ना?" काम होत होतं. नेहमीपेक्षा चांगलं होत होतं. फेब्रुवारीतल्या परदेशी मालाची तयारी तोंडावर आलेली, आणि दांड्यांच्या मापात एकही चूक सापडत नव्हती.

मला काळजी होती ती कोमलची. चारदा वाजेल तेव्हा तिला जाऊ द्यायचं नाही, हात धरून बसवायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण आठवडा झाला तरी चारचा नंबर आला नाही. आली ती लांबलचक.

ती मी ऐकली. बेल माझ्या पायापाशी खोक्यात होती आणि मी ती दारावरून ऐकली. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी जाणार नव्हते. मग विचार केला, जावं आणि खुर्चीत कुणी नाही हे काचेतून सगळ्यांना दाखवावं, म्हणजे हा प्रकार एकदाचा मिटेल. मला तो विचार शहाणपणाचा वाटला.

आत गेले. मुद्दाम चौकटीत उभी राहिले. काही झालं नाही. मशीनची घरघर, नॅपकिन, वही. दोन मिनिटं वाट पाहिली, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि बाहेर आले.

कोमल दारापाशी उभी होती. "मॅडम, बसा जरा," ती हळूच म्हणाली. "पाणी आणू?"

"कशाला?"

"तुम्ही पाऊण तास उभ्या होतात."

हॉलच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझा दुपट्टा गळ्यापासून छातीपर्यंत ओला होता. मी रडले होते हे तो हाताला लागल्यावर मला कळलं.

"मी काय बोलत होते?" मी तिला विचारलं.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

६

रविवारी मी पडवळांच्या गावी, इंदुरीला गेले. त्यांची विचारपूस करायला, असं घरी सांगितलं. खरं तर मला त्यांना बिछान्यावर पडलेलं बघायचं होतं. माणूस तिथे आहे हे डोळ्यांनी पाहिलं की तो इथे नाही याची खात्री पटेल, असा माझा हिशेब.

गढीच्या अलीकडच्या आळीत घर. दोन खोल्या, स्वच्छ. पडवळांची बायको भागुबाई चहा टाकायला उठली. पडवळ खाटेवर, तोंड एका बाजूला ओघळलेलं. मला ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांची दया येईल असं वाटलं नव्हतं, पण आली.

खोलीत एकच खुर्ची होती, पांढरी प्लास्टिकची, भिंतीला पाठ लावून ठेवलेली. मी तिच्याकडे वळले तशी खाटेवरून असा काही आवाज आला की माझा हात मागे आला. पडवळ डाव्या हाताने गादीवर आपटत होते.

"तितं नगं बसू ताई," भागुबाई आतून धावत आली. "त्या खुर्चीत कुनाला बसू देत न्हाईत. हितं खाटंवरच बसा."

मी खाटेच्या कडेला बसले. चहा झाला. भिंतीवरचं घड्याळ अकरा वीसला आलं आणि पडवळांनी पांघरूण बाजूला केलं. भागुबाई मदतीला उठली नाही. तिने माझा कप उचलला आणि तोंड फिरवून आत गेली. पडवळ डाव्या हाताने खाट, मग भिंत धरत उभे राहिले. उजवा पाय फरशीवरून ओढत खुर्चीसमोर आले. एका फरशीच्या आत त्यांनी आधी डावं पाऊल ठेवलं, मग वाकून हाताने उजवं पाऊल उचलून आत ओढून घेतलं. बोटं कडेच्या आत आहेत का ते पाहिलं. मग मान खाली घातली.

डॉक्टरांनी वाचा गेली म्हणून सांगितलेला तो माणूस खालच्या आवाजात, अगदी स्वच्छ म्हणाला, "चुकलं."

मी उठून आत गेले. भागुबाई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"आजारी पडल्यापासून असं करतात?" मी विचारलं.

"न्हाई वो. मॅनेजर झाल्यापास्नं. सुट्टीच्या दिशी आदी मोरीत जाऊन उभं ऱ्हायचे, दार लावून. मला वाटायचं कसलं ध्यान लावत्यात." तिने कप विसळला. "आता मोरीपतुर जाववत न्हाई."

"पण कोणासमोर?"

"मी कवा इचारलं न्हाई ताई. तुमीबी नका इचारू."

७

बुधवारी मालकांचा फोन आला. "पडवळ काही परत येत नाहीत. चार्ज तुम्ही घ्या, मॅडम. फेब्रुवारीच्या मालाचं तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

मी नाही म्हणायला हवं होतं. तो दिवस मी पुष्कळदा मनात आणून पाहिला आहे. पण नाही म्हटलं असतं तर बाहेरचा कुणी आला असता, आणि चारदा बेल वाजली असती तेव्हा कोमलसमोर तो बसला असता. मी बसले तर समोरचा माणूस तरी ओळखीचा असेल. खुर्चीत मी आहे म्हटल्यावर तिथे दुसरं कुणी कसं असेल? मला अजूनही यात चूक सापडत नाही, आणि चुका शोधण्यात मी कच्ची नाही.

चार्ज घेतल्या दिवशी मी काळी खुर्ची नॅपकिनासकट भंगारात काढली आणि कॅन्टीनमधलं लाकडी स्टूल आणून ठेवलं. काचेवरचा दुधी कागद खरवडला. दार सताड उघडून खाली वीट लावली. मग गुडघ्यांवर बसून कात्रीच्या टोकाने पिवळी टेप सोलून काढली. टेप निघाली, पण अकरा वर्षांत तिच्या आतली फरशी बाकी फरशीपेक्षा उजळ राहिली होती. फिनाईल लावलं, ब्रशने घासलं. आतल्या भागाला हात लावला तर तो जरा कोमट लागला. घासल्याने लागला असेल.

बायका बाहेरून बघत होत्या. मी हॉलमध्ये येऊन सगळ्यांना सांगितलं, "आजपासून कुणी आत येऊन उभं राहायचं नाही. काही असलं तर मी तुमच्या टेबलापाशी येईन."

कोमल हसली. त्या संध्याकाळी जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि उतरताना म्हणाली, "मावशी, बरं झालं तुम्ही बसलात ते."

८

दुसऱ्या दिवशी अकरा वीसला मी स्टुलावर बसून डिस्पॅचची वही लिहीत होते. बेल वाजली नाही. मी घड्याळाकडे पाहिलं, दोन मिनिटं उलटली होती, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी पेन खाली ठेवून डोळे पुसले.

वर पाहिलं तर समोर कोमल उभी होती.

पाय जुळवून, त्या उजळ फरशीच्या आत. मान खाली.

"काय गं?" असं मी विचारणार होते. विचारलं नाही, शब्द तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. का, ते मला सांगता येत नाही. मी नुसती तिच्याकडे बघत होते.

"चुकलं मॅडम," कोमल म्हणाली.

मी मान हलवली. नाही, काही चुकलं नाही, अशी.

"काल दोन बंचमध्ये दांड्या कमी भरल्या मॅडम." ती थांबली. ऐकत असल्यासारखी थांबली. "हो मॅडम. त्याच्याआधीपण. हो." पुन्हा थांबली. तिच्या हातमोज्यांतून पाणी ठिपकत होतं आणि फरशीवर पडत होतं. "ते नाही मॅडम. ते घरचं आहे."

मी उठायचा प्रयत्न केला. माझे हात टेबलावर होते, मला ते दिसत होते. ओठ मिटलेले होते. मी जिभेने दात चाचपले, दातांवर दात होते. मी बोलत नव्हते. हे मी शपथेवर सांगू शकते.

कोमलने मान वर केली. तिने थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी बोलताना पाहावं तसे तिचे डोळे माझ्या ओठांवर हलत राहिले.

"तीनदा लावला होता," ती म्हणाली. "माहितीय मला. हो. चालू असता तर वाचली असती." तिचा आवाज अगदी लहान झाला. "तुम्ही म्हणाला होतात मावशी, कुणाला सांगणार नाही. मग सगळ्यांसमोर कशाला..."

मग ती वळली आणि आपल्या टेबलाकडे गेली. तिने कात्री उचलली. हॉलमध्ये सहाही टेबलांवर हात थांबलेले होते आणि सगळ्या बायका उघड्या दारातून माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हा कुठे मला उठता आलं. मी दारापर्यंत गेले. नंदाबाई सगळ्यांत जवळ होती.

"नंदाबाई, तिला काय झालं? मी एक शब्द बोलले नाही."

नंदाबाईने कात्री खाली ठेवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर.

"पोरीला आईवरनं बोलाया नगं व्हतं, मॅडम."

"मी बोलले नाही. शप्पथ घेऊन सांगते."

"व्हय," ती म्हणाली. "पडवळसायेब बी आसंच सांगायचे."

९

जीपमध्ये आता कोमल मागच्या बाकावर बसते. मी जागा धरून ठेवते, तर म्हणते, "राहू द्या मॅडम." जीपमध्येही मॅडम, जिन्यातही मॅडम. तिच्या दारातून आमच्याकडे येणारी भाजीची वाटी बंद झाली. मी दोनदा तिचं दार वाजवलं. आत भांडी वाजत होती, ती थांबली, पण दार उघडलं नाही.

राजीनामा मी लिहून ठेवला आहे. मालक म्हणतात, एवढा माल जाऊ द्या, मग बघू. पण सोडून तरी काय होणार? परवा रविवारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. भानावर आले तेव्हा मोरीत होते, दार आतून लावलेलं, आणि दोन्ही पाय एका फरशीत नीट जुळवलेले. बाहेर मुलगा दार वाजवत होता. "आई, तू कुणाला सॉरी म्हणतेयस?" म्हणत होता.

कोमल नोकरी सोडत नाही. सोड म्हणून मी चिठ्ठी लिहून तिच्या डब्याखाली ठेवली, तर ती चिठ्ठी घेऊनच केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "चुकलं मॅडम." तिच्या दांड्या आता एका मापाच्या असतात. मला तिच्या कामात काही सापडत नाही.

आज अकरा वीसला ती आली. मी तयारीत होते. ती दारात दिसल्याबरोबर मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, सगळ्या हॉलला दिसेल असे, इतके घट्ट की नखं गालात रुतली. डोळ्यांनी मी तिला सांगत होते, बघ, पोरी, बघ माझ्याकडे.

तिने बघितलं. पाय जुळवले, बोटं आत घेतली. माझ्या हातांकडे बघत ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"हो मॅडम," ती म्हणाली.